बायनॉक्युलरमधून धूमकेतू: संध्याकाळच्या आकाशात तो नेमका कसा गाठायचा

धूमकेतू आलाय अशी बातमी आली की सोबत फोटो असतोच: हिरवट डोकं, लांबलचक शेपटी, खाली डोंगराची काळी कड. फोटो खोटा नसतो. पण कॅमेऱ्याने बराच वेळ साठवलेला प्रकाश त्यात एकवटलेला असतो, आणि डोळ्याला तसं साठवता येत नाही. बायनॉक्युलरमधून, म्हणजे द्विनेत्रीतून, तुम्हाला बहुतेक वेळा दिसणार आहे तो एक राखाडी धूसर डाग, पाटीवरचा खडूचा ठिपका अंगठ्याने एका बाजूला पुसावा तसा. हे आधी ठाऊक असेल तर तो सापडतो. फोटो डोक्यात ठेवून शोधायला गेलात तर तो समोर असूनही नजर त्याच्यावरून पुढे सरकते.

दुसरी अडचण वेळेची. संध्याकाळी दिसणारे तेजस्वी धूमकेतू बहुतेकदा आकाशात सूर्याच्या आसपासच असतात. सूर्य मावळल्यावर पूर्ण काळोख होईपर्यंत थांबावं तर तेही मावळतीला टेकलेले असतात. मधली कामाची वेळ जेमतेम अर्ध्या तासाची. तेवढ्या वेळात द्विनेत्री पश्चिमेला इकडून तिकडे फिरवत बसलं तर हाती काही लागत नाही, आणि माझ्या मते नवख्यांच्या संध्याकाळी या फिरवण्यातच वाया जातात. जागा आणि वेळ कागदावर नक्की करून बाहेर पडलात तर उरलेलं काम खरोखर सोपं आहे. म्हणूनच या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग सूर्यास्ताच्या आधीच्या तयारीबद्दल आहे.

नाव आणि प्रत

बातमीत धूमकेतूचं नाव असतं ते असं: सी/२०२३ ए३ (त्सुचिनशान–ॲटलस). 'सी' म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळाने परतणारा किंवा कधीच न परतणारा. ठरावीक काळाने फेऱ्या मारणाऱ्यांना 'पी' लागतं, जसा हॅलेचा १पी. २०२३ हे शोधाचं साल, 'ए' म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा ('बी' म्हणजे दुसरा, असं पुढे), आणि ३ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदला गेलेला तिसरा. कंसात शोधणाऱ्यांची किंवा शोध घेणाऱ्या प्रकल्पांची नावं. हार्वर्डला शिकत असताना भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंना १९४९ साली छायाचित्राच्या काचेवर जो धूमकेतू दिसला, तो अशाच रीतीने बाप्पू–बोक–न्यूकर्क या तिघांच्या नावाने ओळखला जातो. ॲपमध्ये किंवा नकाशात शोधताना मात्र साल आणि अक्षराचा भागच टाका. नुसतं 'ॲटलस' टाकलंत तर त्या नावाचे ढीगभर धूमकेतू समोर येतील.

आता प्रत, म्हणजे तेज मोजायचं माप (मॅग्निट्यूड). प्रतीचा आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी. अंधाऱ्या ठिकाणी नुसत्या डोळ्यांनी साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक. गफलत होते ती पुढे. पाचव्या प्रतीच्या ताऱ्याचा सगळा प्रकाश एका टिंबात असतो. पाचव्या प्रतीच्या धूमकेतूचा तेवढाच प्रकाश चंद्रबिंबाच्या निम्म्या, कधी पूर्ण चंद्रबिंबाएवढ्या जागेत फासलेला असतो. आकडा तोच, पण दिसायला कितीतरी अवघड.

याचा अनुभव चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री घेता येतो. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिका ५.७ प्रतीची आहे, म्हणजे कागदावर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसावी. प्रत्यक्षात ती पूर्ण चंद्रापेक्षा मोठ्या जागेत पसरलेली असल्याने शहराच्या उजेडात द्विनेत्रीलाही हुलकावणी देते. शौरीमधला एम १३ तारकागुच्छ जवळजवळ तेवढ्याच प्रतीचा, ५.८, पण आटोपशीर असल्यामुळे पटकन हाती लागतो. धूमकेतूंमध्येही हे दोन्ही प्रकार असतात. म्हणून प्रतीसोबत तो 'पसरट' आहे की 'मध्यभागी घट्ट' आहे असं काही लिहिलं असेल तर ते आकड्याइतकंच महत्त्वाचं समजा.

माझा ठोकताळा असा. तिसऱ्या प्रतीचा किंवा त्याहून तेजस्वी धूमकेतू संधिप्रकाशातही द्विनेत्रीतून दिसतो, बऱ्याचदा शेपटीसकट. चौथी ते सहावी प्रत असेल तर शहराच्या दिव्यांपासून थोडं लांब जावं लागतं, पण मेहनतीचं चीज होतं. सातवी-आठवी म्हणजे खरंच काळं आकाश हवं आणि तो क्षितिजापासून चांगला वर हवा. त्यापुढचे धूमकेतू पहिल्या अनुभवासाठी धरूच नका.

आणि भाकितांवर फार विसंबू नका. १९७३चा कोहौटेक आणि २०१३चा आयसॉन या दोघांबद्दल केवढा गाजावाजा झाला होता. कोहौटेक अपेक्षेपेक्षा फिका निघाला आणि आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना फुटून विरून गेला. उलट १७पी/होम्स हा कुणाच्या खिजगणतीत नसलेला धूमकेतू ऑक्टोबर २००७मध्ये दोन दिवसांच्या आत लाखो पटींनी उजळला आणि नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. बर्फ कधी उफाळेल आणि गाभा कधी तुटेल हे आधी सांगणं अवघड असतं. त्यामुळे महिन्यापूर्वीचा अंदाज वाचण्यापेक्षा गेल्या दोन-चार दिवसांत निरीक्षकांनी नोंदवलेली प्रत बघा. कॉब्स नावाच्या खुल्या नोंदसंग्रहात जगभरचे हौशी निरीक्षक अशा नोंदी टाकत असतात.

वेळेचा हिशेब

कुठल्याही तारामंडळाच्या ॲपमध्ये (स्टेलॅरियम फुकट आहे आणि पुरेसं आहे) तुमचं ठिकाण आणि तारीख टाका, घड्याळ सूर्यास्ताच्या वेळेवर आणा आणि धूमकेतू क्षितिजापासून किती अंश वर आहे ते बघा. ॲपमध्ये धूमकेतूची कक्षा अद्ययावत करून घ्यायला विसरू नका. जुने कक्षांक, म्हणजे कक्षा सांगणारे आकडे, असतील तर ॲप धूमकेतूला भलतीकडेच दाखवतं, आणि नवे धूमकेतू तर यादीत नसतातच. कक्षांक मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून येतात आणि बहुतेक ॲपना ते आपोआप उतरवून घेता येतात.

समजा, सूर्यास्ताच्या क्षणी धूमकेतू २० अंश उंचीवर आहे. आकाश तासाला १५ अंश फिरतं. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात पश्चिमेचे तारे जवळजवळ उभेच खाली उतरतात, म्हणजे हा धूमकेतू साधारण ८० मिनिटांत मावळणार. तिकडे सूर्यही त्याच वेगाने क्षितिजाखाली चाललाय. तो ६ अंश खाली जायला सुमारे २५ मिनिटं लागतात, आणि तोवर आकाश इतकं उजळ असतं की एखादा फारच तेजस्वी धूमकेतू सोडला तर काही दिसत नाही. पाऊण तासाने आकाश बऱ्यापैकी गडद होतं, पण तोपर्यंत धूमकेतू ९ अंशांवर आलेला असतो. तासाभराने ५ अंशांवर. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात उजेड आडवा येतो आणि तासानंतर क्षितिजावरची धूळ. कामाची वेळ सूर्यास्तानंतर ३५ ते ६० मिनिटं, एवढीच.

धुळीचं म्हणणं मी उगाच करत नाही. क्षितिजाजवळच्या वस्तूचा प्रकाश खूप जाड हवेतून येतो: १० अंश उंचीवर डोक्यावरच्या मानाने साडेपाच पट, ५ अंशांवर दहा पट. हवा स्वच्छ असली तरी १० अंशांवर एक प्रत सहज खाल्ली जाते, आणि धुरळा किंवा दमट धुकं असेल तर दोन-तीन. बातमीतला चौथ्या प्रतीचा धूमकेतू तुमच्या क्षितिजावर सहाव्या प्रतीचा होतो तो असा.

उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला लांब राहणाऱ्यांसाठी हे आकडे वेगळे येतील. तिथे तारे तिरके उतरतात, संधिप्रकाश रेंगाळतो आणि धूमकेतूही उशिरा मावळतो. हिशेबाची रीत तीच.

एका तारखेवर थांबू नका, पुढचे दहा-बारा दिवस असेच पुढे सरकवून बघा. धूमकेतू रोज थोडा वर चढत असेल तर घाई करायचं कारण नाही. रोज खाली येत असेल तर आजच निघा.

मग चंद्र बघा. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा संध्याकाळच्या धूमकेतूसाठी सगळ्यात वाईट. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र इतका उशिरा उगवू लागतो की संध्याकाळ मोकळी मिळते, आणि ती अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांपर्यंत मोकळी राहते. त्सुचिनशान–ॲटलस १२ ऑक्टोबर २०२४ला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता, आणि १७ तारखेला पौर्णिमा होती. तो सर्वात तेजस्वी असण्याच्या दिवसांत चंद्रप्रकाश रोज वाढत गेला. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो बराच मंदावला होता, पण आकाश काळं होतं आणि तोही चांगला उंचावर आला होता. द्विनेत्रीवाल्यांसाठी ते दिवस बातम्यांमधल्या 'सर्वोत्तम' दिवसांपेक्षा फार वाईट नव्हते. पुढच्या वर्षी सी/२०२५ ए६ (लेमन) याने उलट सोय केली. तो पृथ्वीजवळ आला २१ ऑक्टोबरला, नेमक्या अमावास्येला.

जागा पक्की करणं

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा हा भाग आहे.

'पश्चिमेला, क्षितिजाच्या थोडं वर' ही जागा नव्हे. तुमच्या द्विनेत्रीत एका वेळी आकाशाचा साधारण साडेसहा अंशांचा गोल मावतो, आणि संध्याकाळच्या पश्चिमेत असे कित्येक गोल असतात. तुम्हाला एका गोलापर्यंत पोहोचायचं आहे. त्यासाठी हात हेच मोजमाप. हात पूर्ण ताठ धरला की करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मधली तीन बोटं जोडून ५ अंश, मिटलेली मूठ १० अंश. मुलांचा हातही लहान आणि मूठही लहान, त्यामुळे त्यांनाही हेच माप चालतं.

आधी द्विनेत्रीचं खरं क्षेत्र तपासून घ्या. बऱ्याच द्विनेत्रींवर ते लिहिलेलं असतं, पण सप्तर्षीतल्या क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांमधलं अंतर ५.४ अंश आहे. ते दोघे एका वेळी मावून कडेला थोडी जागा उरली तर साडेपाच-सहाच्या वर समजा. स्टेलॅरियममध्ये तेवढ्याच व्यासाचं वर्तुळ आकाशावर ठेवता येतं. तसं नको असेल तर छापील नकाशावर त्या प्रमाणात पेन्सिलीने गोल काढा.

आता धूमकेतूच्या आसपास संधिप्रकाशातही दिसेल असा एक ठळक तारा किंवा ग्रह निवडा. स्वाती, अभिजित, ज्येष्ठा, शुक्र, गुरू, जो जवळ असेल तो. १४ ऑक्टोबर २०२४च्या संध्याकाळी हे काम फार सोपं झालं होतं, कारण धूमकेतू शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान होता. दर वेळी नशीब एवढं चांगलं नसतं, म्हणून पायऱ्या पाडायला शिका.

समजा, नकाशात धूमकेतू स्वातीच्या डावीकडे ९ अंशांवर आहे आणि द्विनेत्रीचं क्षेत्र साडेसहा अंशांचं आहे. स्वाती गोलाच्या उजव्या कडेला आणली की डाव्या कडेपर्यंत साडेसहा अंश झाले. त्या डाव्या कडेजवळ नकाशात कोणता तारा आहे, त्याच्या शेजारी आणखी एखादा आहे का, दोघांची जोडी आडवी दिसते की तिरकी, हे घरीच बघून ठेवा. प्रत्यक्ष आकाशात ती जोडी ओळखली की द्विनेत्री सावकाश डावीकडे सरकवत तिला उजव्या कडेला आणा. आता धूमकेतू गोलाच्या उजव्या कडेपासून अडीच अंश आत, मध्याच्या किंचित उजवीकडे असायला हवा. दोन पायऱ्यांत पोहोचलात. तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर सुरुवातीचा तारा बदला.

नकाशा उत्तर वर ठेवून छापलेला घेऊ नका. तुम्ही ज्या वेळी बघणार त्या वेळचं, क्षितिज खाली असलेलं चित्र घ्या. पश्चिमेकडे तोंड केल्यावर उत्तर उजव्या हाताला असते, आणि उभ्या-आडव्याचा हा गोंधळ अंधारात फार महागात पडतो. कागदावर तीन गोष्टी लिहा: वेळ, त्या वेळची उंची, आणि तोंड कुठल्या दिशेला हवं ते. फोनवर अवलंबून राहिलात तर दर मिनिटाला पडद्याचा उजेड डोळ्यात जाणार.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन पश्चिम क्षितिज बघून या. नकाशात ९ अंशांवर असलेला धूमकेतू समोरच्या झाडांनी १२ अंशांपर्यंत अडवलेला असेल, तर बाकीची सगळी तयारी वाया. मुठीने मोजा. पश्चिमेला मोठं शहर असेल तर शहराच्या पश्चिम बाजूला जाऊन बघा, म्हणजे दिव्यांचा उजेड पाठीमागे राहील.

द्विनेत्री

७×५० किंवा १०×५० उत्तम. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. घरात ८×४२ पडली असेल तर तीच घ्या, धूमकेतूसाठी नवी विकत आणायची गरज नाही. १५ किंवा २० पटींच्या द्विनेत्रीचा नवख्यांनी मोह टाळावा: क्षेत्र अरुंद होतं, हात कापतो आणि पसरट डाग आणखीच पसरतो. अर्थात तिपाईवर बसवलेल्या मोठ्या द्विनेत्रीची गोष्ट वेगळी. युजी ह्याकुताके यांनी १९९६च्या जानेवारीअखेर आपल्या नावाचा तो प्रसिद्ध धूमकेतू शोधला तो २५×१५० द्विनेत्रीतूनच.

फोकस ताऱ्यावर करा, दिव्यावर किंवा झाडावर नको. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टिंबाएवढा बारीक दिसेपर्यंत जुळवा. मग डावं भिंग झाका आणि फक्त उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तसंच करा. यापुढे मधलं चाकच हलवायचं. फोकस जरा जरी चुकला तर सगळेच तारे धूमकेतू वाटू लागतात आणि खरा धूमकेतू विरून जातो.

हात टेकवा. उभं राहून हवेत धरलेल्या द्विनेत्रीत तारे नाचतात आणि फिकट गोष्टी नाचत्या आकाशात दिसत नाहीत. खुर्चीत बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवा, किंवा भिंतीच्या, मोटारीच्या टपाच्या आधाराने बघा. छातीएवढ्या उंचीची एक काठी जमिनीवर उभी धरून तिच्या टोकावर द्विनेत्री ठेवली तरी थरथर निम्म्याने कमी होते. धूमकेतू खाली क्षितिजाजवळ असल्यामुळे तिपाई वापरणंही सोयीचं, मान वाकडी करावी लागत नाही.

प्रत्यक्ष संध्याकाळी

सूर्यास्ताच्या आधी पोहोचा, पण *सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री पश्चिमेकडे करायची नाही.* द्विनेत्रीतून क्षणभर जरी सूर्य डोळ्यात गेला तर डोळा कायमचा निकामी होऊ शकतो. मुलं सोबत असतील तर सूर्य मावळेपर्यंत द्विनेत्री पिशवीतच ठेवा.

सूर्य कुठे मावळला ती जागा समोरच्या एखाद्या खुणेवरून लक्षात ठेवा. धूमकेतू त्या जागेच्या किती डावीकडे किंवा उजवीकडे असणार ते कागदावर आहेच. पुढची वीस मिनिटं शुक्रासारखा एखादा ग्रह किंवा पहिला ठळक तारा शोधून त्यावर फोकस पक्का करण्यात घालवा. या वेळात फोन खिशात ठेवा. डोळे पूर्णपणे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. संधिप्रकाशात तितकं जमत नाही, पण पडद्याच्या उजेडाने होतं तेवढंही पुसलं जातं. कागद वाचायला मंद लाल दिवा वापरा.

ठरलेली वेळ झाली की खुणेच्या ताऱ्यापासून पायऱ्या चढत त्या गोलात या आणि तिथेच थांबा. इथे घाई नको. गोलाच्या मधोमध टक लावण्याऐवजी धूमकेतू जिथे असायला हवा त्याच्या जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बारकावे टिपतो, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या भोवताली दाट असतात, त्यामुळे तिरक्या नजरेला फिकट वस्तू आधी दिसते. तरीही काही नसेल तर द्विनेत्रीला बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर फिका डाग डोळ्याला कळत नाही, पण हललेला कळतो. चार-पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्या ताऱ्यापासून सुरुवात करा. आकाश दर मिनिटाला गडद होत असतं, आणि पाच मिनिटांपूर्वी रिकामा असलेला गोल आता रिकामा नसू शकतो.

सोबत दोघं-तिघं असतील तर एकाने 'दिसला' म्हटल्यावर त्याने बाकीच्यांना जागा सांगण्याआधी प्रत्येकाला स्वतः बघू द्या. तिघांनी स्वतंत्रपणे एकच जागा दाखवली तर शंका उरत नाही.

दिसला तो धूमकेतूच का?

संध्याकाळी सगळ्यात जास्त फसवतात ती विमानं. मावळलेल्या सूर्याचा प्रकाश पडलेला विमानाचा आखूड धूर हुबेहूब डोकं आणि शेपटी वाटतो. पाच मिनिटं नजर ठेवा. धूर ताऱ्यांच्या मानाने सरकतो आणि आकार बदलतो, धूमकेतू ताऱ्यांसोबतच सावकाश खाली उतरतो. शिवाय धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, म्हणजे मावळतीनंतर ती साधारण वरच्या बाजूला वळलेली असणार. क्षितिजाला समांतर किंवा खाली रोखलेली शेपटी दिसली तर आधी विमानाचाच संशय घ्या. याला एक गंमतशीर अपवाद आहे. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून जाते तेव्हा मागे राहिलेली धूळ कडेने दिसते आणि सूर्याकडे रोखलेली एक बारीक उलटी शेपटी काही दिवस उमटते. २०२४च्या ऑक्टोबरात मध्यावर त्सुचिनशान–ॲटलसला ती आली होती, आणि फोटोंमध्ये स्पष्ट उतरली.

दुसरे तोतये आकाशातलेच आहेत: तारकागुच्छ आणि दीर्घिका. शार्ल मेसिए अठराव्या शतकात धूमकेतूंच्या मागे होता. १७५८ साली एका धूमकेतूवर नजर ठेवताना त्याला वृषभेत एक धूसर डाग दिसला जो जागचा हलत नव्हता. असे डाग पुन्हा फसवू नयेत म्हणून त्याने त्यांची यादी करायला घेतली. तो पहिला डाग म्हणजे एम १, आणि आज आपण ज्यांना एम १३, एम ३३ म्हणतो ते सगळे त्याच यादीतले. त्सुचिनशान–ॲटलस १५ ऑक्टोबरच्या सुमारास एम ५ तारकागुच्छाजवळून गेला तेव्हा एकाच गोलात खरा आणि तोतया दोघंही होते. तुमच्या नकाशात धूमकेतूच्या आसपास कोणते 'एम' आहेत ते आधीच बघून ठेवा.

खात्रीचा पुरावा एकच: हालचाल. कागदावर एक गोल काढून डाग आणि भोवतीचे चार-पाच तारे टिंबांनी मांडा, वेळ लिहा. दुसऱ्या संध्याकाळी तेच तारे शोधा. बहुतेक धूमकेतू दिवसाला एक-दोन अंश सरकतात, म्हणजे डाग जागेवर नसेल. पृथ्वीजवळून जाणारा असेल तर एकाच संध्याकाळी फरक दिसतो. ह्याकुताके १९९६च्या मार्चअखेर पृथ्वीजवळून गेला तेव्हा अर्ध्या तासात चंद्रबिंबाएवढं अंतर कापत होता.

सापडल्यावर

पहिल्या नजरेला डाग दिसतो, पण पाच-दहा मिनिटं त्यावरच राहिलात तर त्यात रचना दिसू लागते. डोक्याच्या मध्यभागी ताऱ्यासारखं टिंब आहे का? म्हणजे मध्यभाग घट्ट आहे. तो खरा गाभा नसतो. गाभा जेमतेम काही किलोमीटरचा असतो आणि वायू-धुळीच्या आवरणात लपलेला असतो. डोक्याची एक बाजू धारदार आणि दुसरी विरघळणारी दिसते का? विरघळणारी बाजू शेपटीची. शेपटीचा शेवट कुठे होतो ते ठरवण्यासाठी द्विनेत्री शेपटीवर आडवी फिरवा, तिच्या दिशेने नको. आडवं ओलांडताना आकाश किंचित उजळलं की अजून शेपटी आहे असं समजा.

तेजस्वी धूमकेतूला दोन शेपट्या असतात. एक धुळीची, रुंद, किंचित वाकलेली, पिवळसर पांढरी. दुसरी विद्युत्भारित वायूची, सरळ, सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, फोटोत निळी. १९९७च्या वसंतात हेल–बॉपच्या दोन्ही शेपट्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या दिसत होत्या. द्विनेत्रीत एवढं भाग्य क्वचित लाभतं, आणि बहुतेकदा धुळीची शेपटीच दिसते. हिरव्या रंगाची अपेक्षा ठेवू नका. डोक्यातल्या द्विअणू कार्बनमुळे तो रंग येतो, कॅमेऱ्याला तो सहज दिसतो, पण मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळतच नाहीत.

प्रत स्वतः काढून बघण्यात मजा आहे. धूमकेतूचं सरासरी तेज नीट लक्षात ठेवा, मग जवळच्या एखाद्या ताऱ्यावर जाऊन फोकस इतका बिघडवा की तारा फुगून धूमकेतूच्या डोक्याएवढा होईल. दोन्हींचं तेज सारखं वाटलं तर त्या ताऱ्याची प्रत तीच धूमकेतूची. तारा धूमकेतूच्याच उंचीवरचा घ्या, नाहीतर हवेचा फरक हिशेबात घुसतो. पहिल्या-पहिल्यांदा अर्ध्या प्रतीचा फरक पडला तरी चालेल.

फोटो काढायचा असेल तर फोन तिपाईवर किंवा दगडावर टेकवून रात्रीचा मोड लावा, तीन सेकंदांचा टायमर ठेवा म्हणजे बटण दाबताना हलणार नाही, आणि झूम करू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा धूमकेतू यात उतरतो. कधीकधी फोनला तो तुमच्या आधी दिसतो. संधिप्रकाशात जागेबद्दल शंका असेल तर ही युक्ती शोधण्यासाठीही वापरता येते. फक्त फोटो बघून झाला की पुन्हा द्विनेत्री डोळ्याला लावण्याआधी दोन-तीन मिनिटं डोळ्यांना अंधारात राहू द्या.